चिलखताची जाडी कोणी ठरवावी?

नीतीचे मोठे प्रश्न नेहमी मोठ्या शब्दांचा पोशाख करूनच माणसापुढे येतात असे नाही. धर्मसभेत, न्यायमंदिरात किंवा तत्त्वज्ञाच्या ग्रंथात ते आपल्यास सहज ओळखू येतात. कारण तेथे ते ओळखीच्या वेषात असतात. परंतु कित्येकदा असा प्रश्न एखाद्या यंत्राच्या आराखड्यात, एका कोपऱ्यात, लहानशा अंकाच्या रूपाने मुकाट्याने बसलेला असतो. ज्या अंकाविषयी आज आम्हास लिहावयाचे आहे तो अंक बारा हा होय. दुसऱ्या महायुद्धात जपानी सेनेने जो हलका रणगाडा सर्वांत अधिक संख्येने वापरला, त्याच्या चिलखताची जास्तीत जास्त जाडी बारा मिलिमीटर होती. साहित्याला वाहिलेल्या मासिकाने रणगाड्याच्या पोलादाची मापे घेत बसावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण त्या पोलादाच्या आत तीन माणसे बसत होती, आणि त्यांच्या व मृत्यूच्या मध्ये किती पोलाद असावे हे कोणीतरी एका बैठकीत ठरविले होते, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे विषय यंत्रशास्त्राच्या हद्दीतून निघून नीतिशास्त्राच्या हद्दीत येतो.

या रणगाड्याचे नाव ‘टाइप ९५ हा-गो’. जपानी पंचांगातील २५९५ या वर्षावरून, म्हणजे इसवी सन १९३५ वरून, त्यास हा ९५ चा आकडा मिळाला. पहिला नमुना मित्सुबिशी कंपनीने १९३४ साली तयार केला. तो साडेसात टन भरला, आणि तेवढे वजनही सेनेस जास्त वाटल्यामुळे त्यात काटछाट करण्यात आली. पुढे प्रत्यक्ष उपयोगात आलेला रणगाडा सुमारे ७.४ टनांचा होता. त्याची लांबी सुमारे ४.४ मीटर व रुंदी सुमारे २ मीटर होती. हवेने थंड होणारे १२० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन त्यास ताशी ४० ते ४५ किलोमीटर वेगाने पळवीत असे. त्याच्या बुरजात ३७ मिलिमीटरची तोफ होती. पुढच्या अंगास एक मशीनगन व बुरजाच्या पाठीमागच्या बाजूस दुसरी मशीनगन होती. आत माणसे तीन: गाडी हाकणारा, पुढची मशीनगन चालविणारा आणि बुरजात उभा राहणारा नायक. चिलखत सहा मिलिमीटरपासून बारा मिलिमीटरपर्यंत होते. असे दोन हजारांहून अधिक रणगाडे बांधले गेले, आणि मांचुरियाच्या थंड मैदानापासून पॅसिफिक महासागरातील प्रवाळबेटांपर्यंत ते झुंजले.

बारा मिलिमीटर म्हणजे किती? आपल्या करंगळीच्या रुंदीएवढे म्हटले तरी चालेल. साध्या बंदुकीची गोळी तेवढ्याने अडते. परंतु अमेरिकन सैन्याची अर्ध्या इंचाची जड मशीनगन जवळून मारा करू लागली की तेच पोलाद भेदले जाई. रणगाडाविरोधी तोफेची तर गोष्टच बोलावयास नको. मग हे चिलखत आणखी जाड का केले नाही, असा प्रश्न सहज सुचतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी थोडे गणित करणे अवश्य आहे, कारण गणित न करता केलेला नैतिक संताप हा फार स्वस्त संताप असतो. एक चौरस मीटर क्षेत्राचा, एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा सुमारे पावणेआठ किलो भरतो. एखाद्या लहान रणगाड्याचे चिलखती अंग वीस चौरस मीटर आहे असे धरले, तर जाडीत एका मिलिमीटरची भर घालताच सुमारे १५७ किलो वजन वाढते. आणि बाराचे पंचवीस मिलिमीटर केले तर दोन टनांची भर पडते. साडेसात टनांच्या गाडीत दोन टन अधिक घालावयाचे म्हणजे इंजिन मोठे हवे, इंजिन मोठे झाले की त्यास झाकणारे चिलखत वाढले, चिलखत वाढले की चाके व पट्टे भक्कम हवेत. आणि इतके करून ती गाडी जहाजात चढविणारी यारी, तिला पार नेणारा पूल व तिच्या वाट्यास येणारे तेल या सर्वांनीही वाढावयास पाहिजे. रणगाड्याच्या रचनेत चिलखत, वेग आणि मारा ही तीन भावंडे एकाच ताटात जेवतात. एकाने जास्त घेतले की दुसऱ्याच्या वाट्यास कमी येते.

हा निवाडा जपानी सेनेत न बोलता झाला असेही नाही. या रणगाड्याच्या उत्पादनाचा विचार चालू असता पायदळाच्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता की, याचे चिलखत अपुरे आहे. घोडदळाच्या अधिकाऱ्यांनी उत्तर दिले की, याचा वेग आणि याची तोफ चिलखताची उणीव भरून काढतील. अखेरीस पायदळाने मान्यता दिली. कारण हातात असलेल्या चिलखती मोटारींपेक्षा हे वाहन काही झाले तरी सरसच होते. प्रामाणिक माणसे, समोर असलेल्या साधनांचा विचार करून, असेच ठरवितात. या बैठकीत कोणी दुष्ट होता असे आम्हास म्हणावयाचे नाही. किंबहुना कोणीही दुष्ट नसताना अन्याय कसा घडतो, हाच आमच्या जिज्ञासेचा विषय आहे.

प्रथम हलकेपणाच्या बाजूने जे म्हणता येईल ते मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे. महाराष्ट्रातील वाचकास तर ती बाजू समजावून सांगण्याची गरजच नाही. जड सामानसुमान मागे टाकून, घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढेच बरोबर घेऊन दौडणाऱ्या स्वारांनी आपल्या इतिहासाची कितीतरी पाने लिहिली आहेत. आणि १७६१ साली पानिपतावर तोफखाना, बुणगे व यात्रेकरू यांच्या ओझ्याखाली आलेल्या फौजेचे काय झाले हेही आपण जाणतो. चपळाई हेही एक चिलखतच आहे. शत्रूचा वार जेथे पडतो तेथे आपण नसणे यापेक्षा उत्तम ढाल ती कोणती? हा-गो रणगाड्याच्या कैवाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात हेच होते, आणि काही काळ रणभूमीने त्यांस खरे ठरविले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सेना मलायात उतरली. रबराच्या मळ्यांतून व जंगलांतून जाणाऱ्या तेथील रस्त्यांवरून, लहान लहान पुलांवरून, हे हलके रणगाडे सुखाने गेले. ७ जानेवारी १९४२ च्या पहाटे स्लिम नदीच्या परिसरात जपानी मध्यम व हलक्या रणगाड्यांची एक तुकडी अकराव्या हिंदी डिव्हिजनच्या फळ्या फोडीत, एका सकाळच्या अवधीत सुमारे तीस किलोमीटर आत घुसली, आणि ती डिव्हिजन लढण्याजोगी उरली नाही. समोर जे हिंदी शिपाई होते त्यांच्यापैकी कित्येकांनी रणगाडा हा पदार्थ त्यापूर्वी कधी पाहिलाही नव्हता. त्या दिवशी मलायात ब्रिटिशांपाशी एकही रणगाडा नव्हता. कारण ही भूमी रणगाड्यांस योग्य नाही असा त्यांच्या वरिष्ठांचा समज होता. १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडले व हजारो हिंदी सैनिक कैदेत गेले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यापुढे बारा मिलिमीटर हीही अभेद्य भिंत ठरते. जपानी शिपायाच्या चिलखताची जाडी तोक्योतील बैठकीने ठरविली असेल, तर हिंदी शिपायाच्या चिलखताची जाडी शून्य असावी हेही कोणीतरी कोठेतरी ठरविलेच होते. आणि ज्याच्याविषयी ठरविले त्यास त्या ठरावात मत नव्हते, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच.

आता दुसरी बाजू पाहू. घोडदळाच्या अधिकाऱ्यांचा युक्तिवाद एका गृहीतावर उभा होता: शत्रूपाशी बंदुका व हलक्या मशीनगन असतील, रणगाडाविरोधी तोफा फारशा नसतील. १९३५ साली चीनकडे पाहणाऱ्यास हे गृहीत अगदीच चूक वाटण्याजोगे नव्हते. परंतु १९३९ च्या उन्हाळ्यात, मंगोलियाच्या सरहद्दीवर खाल्खिन गोल नदीकाठी, ज्या लढाईस जपानी लोक नोमोनहान म्हणतात त्या लढाईत, या रणगाड्यांची गाठ सोव्हिएत सेनेच्या ४५ मिलिमीटर तोफांशी पडली. जुलैच्या आरंभी जपानी रणगाडे पुढे सरसावले, आणि त्यांची इतकी हानी झाली की त्याच महिन्यात त्यांस आघाडीवरून मागे घ्यावे लागले. गृहीत कोसळले होते. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, सोव्हिएत कारखान्यांतून ४५ मिलिमीटर जाडीच्या, उतरत्या चिलखताचा टी-३४ रणगाडा बाहेर पडू लागला. जपानमध्ये मात्र बारा मिलिमीटरचा हा-गो आणखी काही वर्षे बांधला जात राहिला. त्याच्या जागी येणारा टाइप ९८ हा नवा हलका रणगाडा १९३८ साली आखला गेला होता. त्याचे चिलखत सोळा मिलिमीटरचे होते. त्याचे उत्पादन १९४२ मध्ये सुरू झाले, आणि शंभराच्या आसपासच ते रणगाडे बांधले गेले.

यावर कोणी म्हणेल की, युद्धाच्या धामधुमीत रचना बदलणे सोपे नसते. जपानचे पोलाद प्रथम आरमारास व विमानांस जात होते, रणगाड्याच्या वाट्यास उरलेसुरले येत होते. हे खरे आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. परंतु याच रणगाड्याच्या इतिहासात एक लहानशी हकीकत आहे, तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मांचुरियातील काओलियांगच्या, म्हणजे तिकडच्या ज्वारीच्या, शेतांतून जाताना असे आढळले की तेथील सरींमधील अंतर व या गाडीच्या चाकांमधील अंतर यांचा विचित्र मेळ बसून गाडी होडीप्रमाणे डोलू लागते. तेव्हा मांचुरियातील तुकड्यांसाठी चाकांच्या रचनेत मुद्दाम बदल करण्यात आला. तसेच उष्ण प्रदेशात आतील माणसे भाजून निघू नयेत म्हणून गाडीस आतून ॲस्बेस्टॉसचे अस्तर लावलेले होते. यावरून उघड होते की, सेना ऐकत नव्हती असे नाही. शेतातील सरींनी केलेली तक्रार तिने ऐकली. उन्हाची तक्रार तिने ऐकली. मेलेल्या माणसांची तक्रार मात्र ऐकू येण्यास वेळ लागला, कारण ती करावयास परत कोणी येत नाही. एखादा निर्णय घेताना झालेली चूक क्षम्य असू शकते. पण तिचे परिणाम डोळ्यांपुढे आल्यावर तोच निर्णय रोज नव्याने, मुकाट्याने घेत राहणे ही चूक नव्हे, तो निराळाच पदार्थ आहे. पहिल्यास अज्ञान म्हणता येते. दुसऱ्यास निष्काळजीपणा हेच नाव शोभते.

तथापि आमच्या मते या प्रकरणातील खरा दोष याहूनही खोल आहे. चपळाई हे चिलखत आहे, हे आम्ही वर मान्य केले. परंतु ते चिलखत केव्हा उपयोगी पडते? ज्यास वाटेल तेव्हा निघून जाता येते त्यासच. गनिमी काव्याने लढणाऱ्या स्वाराचा हलकेपणा हा त्याच्या मोकळिकीशी बांधलेला होता: तो आपल्या सोयीने भिडे व आपल्या सोयीने पसार होई, आणि पसार होण्यात त्यास लाज नव्हती, तीच त्याची विद्या होती. हलकेपणा आणि माघारीची मुभा ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. एक ठेवून दुसरे काढून घेतले की नाणे खोटे ठरते. जपानी सेनेने नेमके हेच केले. जानेवारी १९४१ मध्ये, तोजो हे युद्धमंत्री असताना, ‘सेन्जिनकुन’ नावाची सैनिकांची आचारसंहिता निघाली. जिवंतपणी कैदी होण्याचा कलंक सोसू नये असा तीत स्पष्ट उपदेश होता. पातळ चिलखत देताना सेना शिपायास म्हणाली, ‘तुझा वेग तुझे रक्षण करील’. आणि आचारसंहिता देताना म्हणाली, ‘तुला मागे फिरता येणार नाही.’ या दोन वाक्यांपैकी एक तरी खोटे असल्यावाचून दोन्ही एकत्र उभी राहू शकत नाहीत.

त्याचा परिणाम बेटांवर दिसून आला. जून १९४४ मध्ये सायपान बेटावर चाळीसहून अधिक जपानी मध्यम व हलक्या रणगाड्यांनी रात्रीच्या वेळी अमेरिकन फळीवर चाल केली, आणि सकाळपर्यंत त्यांतील बरेचसे जळून गेले. १५ सप्टेंबर १९४४ रोजी पेलेलियू बेटावर अमेरिकन सैनिक उतरले, त्याच दिवशी दुपारी डझनभराहून अधिक हा-गो रणगाडे विमानतळाच्या मोकळ्या पटांगणावरून सरळ समोरच्या तोफांवर धावले. लपण्यास झाड नाही, वळण्यास रस्ता नाही. बेट इतके लहान की मागे सरकावे म्हटले तर समुद्र. थोड्याच वेळात त्यांपैकी जवळजवळ एकही शिल्लक उरला नाही. ज्या गाडीचे सारे सामर्थ्य पळण्यात होते तिला शेवटी पुढे, आणि पुढेच, पळविण्यात आले. ऑगस्ट १९४२ मध्ये न्यूगिनीच्या मिल्ने बे येथे दोन हा-गो पावसाने झालेल्या चिखलात रुतून निकामी झाले होते. तेथे निसर्गाने वेग काढून घेतला. पेलेलियूत तो आज्ञेने काढून घेतला, एवढाच फरक.

जेथे पोलाद पुरत नाही तेथे राष्ट्रे सद्गुणांची भाषा बोलू लागतात. आत्मतेज, निष्ठा, मरणाची बेफिकिरी हे सर्व पोलादाची जागा भरून काढतील असे सांगण्यात येते. आणि सांगणारा बहुधा पोलादाच्या आत बसणारा नसतो. धैर्य हा मनुष्याचा थोर गुण आहे याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु दुसऱ्याच्या धैर्याच्या भरवशावर आपला हिशेब जुळविणे हा गुण नव्हे. येथे आम्हास कर्णाची कथा आठवते. जन्मासोबत मिळालेली कवचकुंडले त्याने ब्राह्मणवेष घेऊन आलेल्या इंद्रास दिली, आणि त्या दानामुळे तो अजरामर झाला. पण ते दान कोणत्या रीतीने घडले ते पहावे. सूर्याने त्यास आधीच सावध केले होते. म्हणजे आपण काय देत आहोत हे तो पुरते जाणत होता. कवच त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या अंगावरून उतरविले. म्हणजे ते त्याचे होते व देणाराही तोच होता. आणि त्याच्या मोबदल्यात त्यास इंद्राची शक्ती मिळाली. म्हणजे तो अगदीच निराधार झाला नाही. आता अशी कल्पना करावी की, कर्णाच्या पाठीमागे दुर्योधनाच्या दरबारात एक बैठक बसली, तिने कर्णाचे कवच परस्पर दान करून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी कर्णास केवळ एवढेच कळविले की तू फार शूर आहेस. त्या कथेस कोणी दानवीराची कथा म्हटले असते काय? आत्मत्याग आणि परत्याग यांच्या बाह्य रूपात पुष्कळ साम्य असते. रणांगणावर पडलेले प्रेत दोहोंचे सारखेच दिसते. परंतु एकात देणारा आणि गमावणारा एक असतो, दुसऱ्यात ते दोन असतात. नीतीचा सारा प्रश्न या ‘दोन’ मध्ये आहे.

हा-गोच्या रचनेत आणखी एक बाब अशी आहे की जिच्याकडे पोलादाइतके लक्ष जात नाही. बुरजात नायक एकटा असे. शत्रू कोठे आहे हे त्यानेच पहावयाचे, गाडी कोठे न्यावी हे त्यानेच सांगावयाचे, तोफेत गोळा त्यानेच भरावयाचा, नेम त्यानेच धरावयाचा, बार त्यानेच काढावयाचा. आणि शत्रू मागून आला तर पाठीमागची मशीनगनही त्यानेच चालवावयाची. त्या काळच्या कित्येक फ्रेंच रणगाड्यांतही अशीच एकट्याची व्यवस्था होती. एक माणूस कमी केला की बुरूज लहान होतो, बुरूज लहान झाला की वजन कमी होते. म्हणजे येथेही तेच गणित. परंतु जी कामे दोघा-तिघांची आहेत ती एकावर सोपवून त्यास ‘नायक’ ही पदवी द्यावी, आणि गाडी गमावली की जबाबदारीही त्याचीच म्हणावी, यात आम्हास एक फार सार्वत्रिक अन्याय दिसतो. शक्तीबाहेरचे कर्तव्य सोपविणे हा एक अपराध; आणि ते पार पडले नाही म्हणून दोष देणे हा त्यावरचा दुसरा. आमचे कित्येक वाचक शाळांतून, इस्पितळांतून, कचेऱ्यांतून काम करीत असतील. त्यांस या एकाकी बुरजाची ओळख पटण्यास रणांगणावर जावे लागणार नाही.

आमच्या या विवेचनावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला असा की, ज्या सेनेने चीनवर आक्रमण केले, १९३७ साली नानकिंगमध्ये अत्याचार केले, तिच्या शिपायांस पुरेसे चिलखत मिळाले नाही म्हणून हळहळावयाचे कशास? ते जाड असते तर जुलूम अधिक काळ टिकला असता. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्या रणगाड्यांनी अधिक विजय मिळवावयास हवे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु युद्ध न्याय्य आहे की अन्याय्य हा एक प्रश्न, आणि राज्याचे आपल्या शिपायाशी असलेले कर्तव्य हा दुसरा. एक वाईट आहे म्हणून दुसऱ्याची चौकशी करू नये असे होत नाही. उलट या दोहोंत एक आतले नाते आहे असे आम्हास वाटते. जे राज्य आपल्या माणसाच्या जिवाची किंमत कमी धरावयास शिकते, ते परक्याच्या जिवाची किंमत त्याहून अधिक धरील हे संभवनीय नाही. स्वस्ताईची सवय घरात लागते आणि मग ती बाहेर पडते.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. कोणी म्हणेल की, तुम्ही मागता ती जाडी कोणती? बारा पुरे नाहीत म्हणून अडतीस केले, तर अडतीस भेदणारी तोफ निघतेच. अमेरिकेच्या ‘स्टुअर्ट’ या हलक्या रणगाड्याचे पुढचे चिलखत सुमारे अडतीस मिलिमीटर होते आणि वजन सुमारे तेरा टन. तरीही नोव्हेंबर १९४१ मध्ये लिबियाच्या वाळवंटात जर्मन तोफांनी ते फोडलेच. पूर्ण सुरक्षित असे चिलखत नाही. मग सर्वच सेनापती व सर्वच यंत्रज्ञ अपराधी ठरावयाचे काय? नाही, असे आमचे उत्तर आहे. किती मिलिमीटर हा प्रश्न नीतिशास्त्र सोडवू शकत नाही. तो लोहाराचा व गणितज्ञाचा आहे. नीतिशास्त्र विचारते ते इतकेच की, तो अंक कोणत्या रीतीने ठरला. ज्यास आत बसावयाचे आहे त्यास त्याची मर्यादा खरी खरी सांगितली काय? जे गृहीत धरून तो ठरला ते कोसळल्यावर तो पुन्हा तपासला काय? त्या मर्यादेस शोभेल असेच काम त्या माणसास दिले काय? आणि ज्याने तो ठरविला त्याने त्याची झळ काही अंशी तरी आपणास लागू दिली काय? या चार प्रश्नांस होकार मिळत असेल तर पातळ चिलखतही निष्कलंक असू शकते. नकार मिळत असेल तर जाड चिलखतानेही डाग झाकत नाही.

याचे उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १९४८ साली काश्मीरच्या युद्धात झोजी ला ही सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीची खिंड शत्रूने अडविली होती, आणि लडाखची वाट त्यामुळे बंद झाली होती. तेव्हा सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, बुरूज उतरवून, गुप्तपणे श्रीनगरकडे नेण्यात आले. बालतालहून खिंडीकडे जाणारी खेचरांची पायवाट सॅपर्सनी रुंद केली, आणि १ नोव्हेंबर १९४८ रोजी, जेथे रणगाडा येईल असे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते तेथे, हे रणगाडे चढून गेले. महायुद्धाच्या अखेरीस जुना व हलका ठरलेला हाच रणगाडा. पण जड रणगाडा त्या वाटेने चढताच ना. हलकेपणाचा येथे खरा उपयोग करण्यात आला: ज्या कामासाठी हलके असावयास पाहिजे तेच काम त्यास दिले. आणि या स्वारीविषयी जे नमूद आहे ते आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल थिमय्या हे स्वतः आघाडीच्या रणगाड्यात होते. त्यामुळे त्या गाडीचे पोलाद एका मिलिमीटरानेही जाड झाले नाही. परंतु आज्ञा देणारा आणि आज्ञा पाळणारा यांच्यातील जे ‘दोन’ आम्ही वर म्हटले, ते त्या सकाळपुरते पुष्कळसे एक झाले. आणि आमच्या समजुतीप्रमाणे शिपाई पोलादाची उणीव सहन करतो ती अशाच वेळी.

हा विचार केवळ रणांगणापुरता नाही, म्हणूनच तो या पृष्ठांवर आणण्याचे धाडस आम्ही केले. शांततेच्या काळातही समाज आपल्या माणसांस धोक्यात पाठवीतच असतो. खाणीत उतरणारा, उंच इमारतीच्या परातीवर उभा राहणारा, शहराच्या गटारात शिरणारा, रात्री रेल्वेच्या रुळांवर काम करणारा या प्रत्येकाच्या व मृत्यूच्या मध्ये कोणीतरी ठरविलेली एक जाडी असते: दोराची, टोपीची, मुखवट्याची, विश्रांतीच्या तासांची. तीही कोणा दुष्टाने ठरविलेली नसते. एखाद्या अंदाजपत्रकात, सर्व बाजूंचा विचार करून, सभ्य माणसांनी ठरविलेली असते. आणि त्या बैठकीत ज्याच्या खुर्चीवर कोणीच बसलेले नसते तो बहुधा तोच माणूस असतो, ज्यास ती जाडी उद्या अंगावर घालावयाची आहे. त्याच्या शौर्याचे व चिकाटीचे गोडवे गाणारी भाषणे पुढे होतात. त्या भाषणांपेक्षा ती रिकामी खुर्ची भरणे अधिक निकडीचे आहे.

अहमदनगर, म्हणजेच आजचे अहिल्यानगर, येथील रणगाडा संग्रहालयात देशोदेशीच्या रणगाड्यांच्या रांगेत एक हा-गो उभा आहे. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह तेथे जाणाऱ्या कुटुंबांस शेजारच्या अजस्र रणगाड्यांपुढे तो खेळण्यासारखा भासेल, आणि मुले त्याच्यापाशी फार वेळ रेंगाळणार नाहीत. आमची विनंती इतकीच की, वडीलधाऱ्यांनी तेथे किंचित थांबावे, त्या पत्र्याची जाडी डोळ्यांनी मोजावी, आणि आपल्या घरात, आपल्या कारखान्यात, आपल्या कचेरीत, दुसऱ्या कोणासाठी आपण असा एखादा अंक ठरवून ठेवला आहे काय, व ठरविताना त्यास विचारले होते काय, याचा विचार करावा.